आधी कुणाचं रक्त

आमच्या घरात सकाळी दात घासून झाले की सगळ्यांनी जीभ दाखवायची असते. सुरुवात माझी, पण नियम केला मुलीनं. तिला एकदा तोंड आलं होतं. तेव्हापासून मी रोज सकाळी छोटी बॅटरी घेऊन तिची जीभ बघायला लागले; वरून, खालून, दोन्ही कडा. आपल्या एकटीचीच झडती का, हे अडीच वर्षांच्या माणसाला पटणं शक्य नव्हतं. एक दिवस तिनं बॅटरी माझ्या हातातून हिसकावली आणि म्हणाली, "आता तू." मग बाबा. मग आजी. तिला घरात नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे फौजदारीणबाई म्हणतात आणि ती ऐटीत ओ देते.

नवरा बुटाची नाडी बांधता बांधता जीभ दाखवतो. सासूबाई दाखवतात, पण आधी म्हणून घेतात, "माझ्या सासूनंसुद्धा कधी माझी जीभ तपासली नव्हती." हे रोज, आणि रोज नव्यानं सांगितल्यासारखं. शेवटची जीभ ताईंची.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. रफूगार. कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक, कसरीनं खाल्लेलं लोकरीचं कापड, असं काही आलं की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि भोकावर इतके बारीक विणायचे की गिऱ्हाईक परत आलं की स्वतःच शोधत बसायचं, भोक होतं तरी कुठे? एका दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली त्यांची खुर्ची होती. हिवाळा तोंडावर असताना त्या खुर्चीवर जायच्या बंद झाल्या. आधी उशिरा, मग अर्धा दिवस, मग नाहीच. मनाच्या डॉक्टरांनी तीव्र नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. ताई गोळ्या निमूट घ्यायच्या. जेवत मात्र नव्हत्या. चहा आणि चहात बुडवलेला टोस्ट, एवढ्यावर चाललं होतं. ताट आत गेलं तसं बाहेर यायचं. फक्त ऑम्लेटचा एखादा कोपरा काट्यानं उकरलेला असायचा, जेवल्याचा पुरावा म्हणून.

घरात उपायांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणायच्या, "मनावर घेतलं ना, की सगळं होतं." नवरा बहिणीला फोनवर व्हिडिओ पाठवायचा, एक पाय नसलेली माणसं डोंगर चढतात तसले. ताईंचा फोन चार्ज न करता कपाटात पडलेला. त्या बिचाऱ्या माणसांचा डोंगर चढून झाला असेल, पण बघायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी फौजदारीणबाई नेहमीप्रमाणे आत्याच्या खोलीत शिरल्या. "आत्या, जीभ!"

ताई कुणाचंच ऐकत नव्हत्या, पण हिचं ऐकायच्या. भिंतीकडचं तोंड वळवून त्यांनी जीभ काढली. मी मागे उभी होते आणि बॅटरीचा उजेड नेमका पडला. माणसाच्या जिभेवर कशी बारीक खरखर असते, मखमलीसारखी. इथे काही नव्हतं. लालभडक, गुळगुळीत, पॉलिश केलेल्या चामड्यासारखी. ओठांचे कोपरे चिरलेले.

"छान," फौजदारीणबाईंनी शेरा दिला आणि निघून गेल्या. मी गेले नाही.

त्या दिवसापासून मी ताईंवर नजर ठेवायला लागले. नजर ठेवणं मला जमतं. मूल झाल्यापासून माझं दुसरं काम काय आहे? बेसिनमध्ये त्यांचा ब्रश रक्तानं गुलाबी दिसायचा. नडगीवर निळे डाग होते, कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. चालताना भिंतीला हात लावून चालायच्या. आणि एकदा तर बाथरूमला जाताना एका पायातली सपात निसटून पॅसेजमध्येच राहिली आणि ताई तशाच पुढे गेल्या. एका पायात सपात, एका पायात नाही. त्यांना कळलंच नाही.

"ताई, सपात राहिली," मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्या पायाकडे, पण दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "हो का," म्हणाल्या.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई. पानं पिवळी पडली की आम्ही माती तपासतो, पानाला उपदेश करत नाही. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "ताईंच्या अंगात जीवनसत्त्वं राहिलेली नाहीत. रक्त तपासायला हवं."

नवरा आणि सासूबाई यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मागे मुलीची जीभ निळी दिसली म्हणून मी चपला न घालता तिला उचलून बालरोगतज्ज्ञांकडे धावले होते. त्यांनी बॅटरी मारली, वास घेतला आणि म्हणाले, "खडू खाल्लाय. निळा." त्याआधी तिच्या मानेवरची गाठ निघाली ती मण्यांच्या माळेतला एक मणी, घामानं चिकटलेला. तेव्हापासून या घरात माझ्या निदानाला कवडीची किंमत नव्हती.

"पोरीचं झालं, आता ताईच्या मागे लागलीस?" नवरा म्हणाला.

"अगं, तिचं मनाचं आहे सगळं," सासूबाई म्हणाल्या. "मन खचलं की पाय अडखळणारच."

"आणि जीभ? जीभ पण मनानं गुळगुळीत होते?"

"जिभेचं तू मला नको सांगूस," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

मी मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मला झटकून टाकतील अशी तयारी ठेवली होती. उलट तेच वैतागले. "मी त्यांना पहिल्यापासून सांगतोय रक्त तपासून घ्या म्हणून. त्या येतच नाहीत. तुम्ही सपातेचं सांगताय ते बरं नाही. बी-बारा कमी असेल तर आधी बोटं बधिर होतात, मग पाय. वेळेत भरून काढलं तर नसा परत येतात. फार उशीर झाला तर येत नाहीत, मग मन बरं झालं तरी हात तसेच राहतील. त्यांचं काम कसलं आहे?"

"सुईचं."

डॉक्टर म्हणाले, "या आठवड्यात करा. आणि आपल्या मनानं गोळ्या सुरू करू नका, आधी रक्त."

मी ताईंच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले. "बोटं बधिर वाटतात का हो?"

"वाटतात की नाही तेच कळत नाही."

"रक्त तपासू या. घरी येतात घ्यायला. तुम्हाला उठायलासुद्धा नको."

"कशाला?" त्या छताकडे बघत म्हणाल्या. "मला माहितीये मला काय झालंय. मी आळशी झालेय. त्याची तपासणी नसते. विरलेलं कापड आलं ना, की आम्ही गिऱ्हाईकाला परत देतो. टाका धरायलाच काही उरलेलं नसतं."

"परत देण्याआधी उजेडात धरून बघता ना पण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जिंकले.

"नको," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

सरळ मार्गानं होणार नाही हे कळल्यावर मी वाकडा धरला. ताईंचा एकच कच्चा दुवा होता आणि तो त्या वेळी खाटेखाली बसून मोजे चघळत होता. बेत साधा होता. रक्त घेणारी बाई मुलीसाठी म्हणून बोलवायची. मुलगी म्हणणार, "आधी आत्या!" आत्या तिला नाही म्हणत नाही. मग आत्याचं रक्त घ्यायचं आणि मुलीच्या वेळी काहीतरी निमित्त काढून विषय मिटवायचा.

तालीम सुरू झाली. बाहुली, अस्वल आणि एक कान तुटलेला ससा ओळीनं बसायचे. मी चमचा घेऊन विचारायची, "आधी कुणाचं रक्त?"

"आधी आत्या!" फौजदारीणबाई ओरडायच्या. इतक्या जोरात की मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. भिंतीपलीकडेच ताईंची खोली. चार दिवसांत वाक्य पाठ झालं. झोपेतसुद्धा म्हणायला लागली. नवऱ्यानं विचारलं, "ही काय बडबडते?" मी म्हटलं, "नवीन गाणं आहे."

शनिवारी सकाळी सुईवाली आली. हसतमुख मुलगी, खांद्याला मोठी बॅग. तिला मी दारातच बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. तिनं टेबलावर नळ्या मांडल्या, लाल टोपणाच्या, जांभळ्या टोपणाच्या. फौजदारीणबाई खुर्चीवर चढून बसल्या. ताईंच्या खोलीचं दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं.

"मग," मी गोड आवाजात विचारलं, "आधी कुणाचं रक्त?"

मुलीनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं.

"आधी आई!"

मला ऐकलेलं खरं वाटेना. "नाही गं राणी. आधी कोण? आ... आ..."

"आ... ई!"

आता एक गोष्ट सांगायला हवी. सुई बघितली की माझे पाय गळतात. मुलीच्या लशीच्या वेळी मला बाकावर आडवं करावं लागलं होतं आणि रडणं मुलीनं थांबवलं तरी नर्स माझ्याच तोंडावर पाणी मारत होती. नवऱ्याला हे माहीत होतं. तो पेपर खाली ठेवून समोर येऊन बसला, सर्कशीचा पहिला खेळ बघायला बसावा तसा.

"बसा ना आई," सुईवाली म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

बसले. मान फिरवली. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या कासवाकडे बघत राहिले. ते कासव मी मरेपर्यंत विसरणार नाही. कापूस लावून झाला तेव्हा कळलं की मी अजून शुद्धीवर आहे.

"आता आत्या?" मी पडेल आवाजात विचारलं.

"आता बाबा!"

"मी? मला काय झालंय?" नवरा म्हणाला. पण ती खुर्चीवर उभी राहून बोट दाखवत होती, आणि समोर सुईवाली बाही वर करायची वाट बघत होती. नको म्हणायची सोय राहिली नव्हती. त्याचंही झालं.

"आता आजी!"

"मला एक दुखणं नाही," सासूबाई म्हणाल्या. "साठीनंतर मी सर्दीशिवाय..."

"आजी, रक्त!"

सासूबाईंनी हात पुढे केला आणि सुई जाईपर्यंत सांगत राहिल्या की हे सगळं मनावर असतं, आपण मनावर घेतलं नाही की दुखत नाही. मग त्या 'आई गं' म्हणाल्या आणि पुढचं वाक्य राहून गेलं.

सुईवाली बॅगेत हात घालून चाचपडत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हळूच माझ्याकडे वाकून म्हणाली, "मॅडम, मी दोघांचंच धरून आले होते. वरचं सामान होतं ते लागलं. आता एकाच माणसापुरत्या नळ्या राहिल्यात."

आणि नेमकी त्याच वेळी फौजदारीणबाईंनी फ्रॉकची बाही वर खोचली, हात टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, "आता मी!"

माझी गत सांगता येत नाही. मुलीला नको म्हणावं तर कशाच्या नावाखाली? तिच्यासाठीच तर हा सगळा थाट. हो म्हणावं तर ताईंच्या वाट्याच्या नळ्या गेल्या, आणि पुन्हा हा मुहूर्त जुळवून आणायला मी आणखी किती माणसांचं रक्त काढणार होते? शिवाय त्या एवढ्याशा हाताला, काही कारण नसताना, सुई! सुईवालीसुद्धा गोंधळून माझ्याकडे बघत होती. तिनं पट्टा उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"तिला कशाला टोचताय?"

ताई दारात उभ्या होत्या. चौकटीला धरून, केस विस्कटलेले, पायात काही नाही. कितीतरी दिवसांत त्या न बोलावता खोलीबाहेर आल्या नव्हत्या.

"काही झालंय का तिला?"

"तपासणी आहे," मी म्हटलं. "रक्तात लोह वगैरे..."

"खोटं बोलतेस. बोलताना तुझे कान लाल होतात." त्या भिंतीला धरत धरत टेबलापर्यंत आल्या. खुर्चीची पाठ हातानं चाचपून घट्ट पकडली, मग बसल्या. "हिला बाजूला घे."

"ताई..."

"घे म्हटलं ना. त्या पोरीच्या दंडात आहे काय टोचायला? घ्या हो, माझं घ्या. दोन्ही हात आहेत, कुठला हवा तो घ्या. मला काही कळत नाही तसंही."

मी मुलीला उचललं आणि घरात बोंब उठली. ती रडली, लाथा झाडल्या. "मला टोचा! माझं रक्त! मला टोचा!" खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून. नवऱ्यानं सांगितलं, "हिला इंजेक्शन देत नाही म्हणून रडतेय." बाईंनी आम्हा सगळ्यांच्या दंडावरचे कापूस पाहिले आणि भराभर जिना उतरल्या. शेवटी सुईवालीनं ससा मांडीवर घेऊन त्याच्या तुटक्या कानाला पट्टी लावली, मुलीच्या दंडाला कापूस चिकटवला, तेव्हा कुठे शांतता झाली.

या सगळ्यात ताईंच्या नळ्या भरून झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायला विसरले होते. त्या भरलेल्या नळ्यांकडे बघत होत्या. "बराच गडद आहे की रंग," म्हणाल्या.

निकाल आले तेव्हा घरात थोडी राजकीय उलथापालथ झाली. ताईंचं बी-बारा तळाला गेलेलं. फॉलिक आम्ल, सी, डी, सगळंच खाली. यात नवल नव्हतं. नवल असं की ज्यांना एक दुखणं नव्हतं त्या सासूबाईंचं डी जीवनसत्त्व ताईंपेक्षाही कमी निघालं. आता त्या रोज सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसतात, पण "झाडांकडे लक्ष ठेवायला बसलेय" असं सांगून. नवऱ्याचं बी-बारा जरासं कमी, आणि तो त्या दिवसापासून आजारी आहे. सोफ्यावर बसला की पायाला मुंग्या येतात, चहाला उशीर झाला की चक्कर येते, दोन्ही गोष्टींचं कारण तो रक्तात सांगतो. माझं सगळं अगदी शंभर नंबरी. फक्त काळजी जास्त, पण तिची नळी नसते.

मनाच्या डॉक्टरांनी आम्हाला तिघांना समोर बसवून शांतपणे समजावलं. आजारामुळे भूक गेली. भूक गेली म्हणून जीवनसत्त्वं गेली. ती गेली म्हणून नसा, जीभ, हिरड्या बिघडल्या आणि मन आणखी खाली ओढलं गेलं. "आता दोन्हीकडून धरायचं," ते म्हणाले. "इंजेक्शनं देतोय म्हणून मनाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि कुणी त्यांना मनावर घे म्हणायचं नाही." सासूबाईंनी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधायला सुरुवात केली.

जादूबिदू झाली नाही. ताई अजून बराच वेळ पडून असतात. दुकानाच्या खुर्चीचं नाव काढलं की भिंतीकडे वळतात. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी पाय जळजळायला लागले. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जागं होतंय, होऊ द्या. उजव्या हाताची पहिली दोन बोटं परत आली आहेत. त्यांनी कापडाचा पोत कळतो, डोळे मिटून माझी ओढणी चाचपून म्हणाल्या, "यात सूत कमी आहे, दुकानदारानं गंडवलं तुला." करंगळी अजून रुसलेली आहे. पावलांचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. बघू म्हणतात.

परवा दुपारी मी सूप घेऊन गेले. त्यांनी अर्धं प्यायलं. मीठ जास्त झालंय म्हणाल्या. मी वाटी घेऊन उठणार इतक्यात म्हणाल्या, "थांब जरा. त्या दिवशी पोरगी 'आधी आई' का म्हणाली, कळलं का तुला?"

"ऐन वेळी विसरली. लहान आहे."

"विसरली नाही. मी शिकवलं."

मी वाटी खाली ठेवली.

"चार दिवस तुमचं नाटक चाललं होतं भिंतीपलीकडे," त्या म्हणाल्या. आवाज तसाच सपाट. "आधी आत्या, आधी आत्या. कान किटले माझे. सकाळी जीभ बघायला यायची ना ती, तेव्हा मी सांगायचे. आधी आई म्हण, बिस्किट देईन. म्हटलं, तू सुई बघितलीस की पडशील, त्या मुलीची धांदल उडेल, विषय मिटेल."

"आणि मग बाबा? आजी?"

"ते तिचं तिनं केलं. मी एवढंच शिकवलं होतं." त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. "पण तू पडली नाहीस. आता मला काय माहीत तू बसशील म्हणून?"

"म्हणजे तुम्ही... तेव्हा, तशा अवस्थेत... बिस्किटाची लाच..."

"जा आता. मला पडायचंय."

त्या भिंतीकडे वळल्या. मी वाटी उचलली, दारापर्यंत गेले, आणि मागे वळून पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. वाटी तिथेच ठेवली आणि पलंगाला वळसा घालून, भिंत आणि खाट यांच्यामधल्या फटीत डोकं घालून, त्यांचा चेहरा बघून आले.

हसत होत्या.